सभासद बंधूंचे ऋण



या पानावर मी लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया याबद्दल लिहीत असतो. आज घरचे लिहितो आहे, सांभाळून घ्यावे.

मार्चमध्ये रात्रीच्या विजेवर उसाची दारे धरताना माझ्या धाकट्या भावाला घोणस चावली. मी गावात नव्हतो. कोणी म्हणाले दोरी आवळा, कोणी ब्लेड शोधू लागले. शेजारच्या वस्तीवरील आजींनी दटावले, "काय बी कापू नगा. पाय हालू देऊ नगा, दवाखाना गाठा!" डॉक्टरांनी नंतर तेच सांगितले. पाणंदीत पाटाचे पाणी फुटून चिखल झालेला, जीप आत येईना. मंडळींनी त्याला बाजेवर घालून आळीपाळीने डांबरी सडकेपर्यंत नेले. जीप काढली ती हंगामात तोडीच्या पाळीवरून माझ्याशी कडाडून भांडलेल्या सभासदांनी. (त्यांचे म्हणणे बरोबर होते, हेही इथेच लिहून टाकतो.)

दवाखान्यात रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवले, ते गोठलेच नाही. घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची ताकद जाते. सर्पदंशाची लस लगेच सुरू झाली, पहिल्या खेपेलाच १० कुप्या. आणखी उशीर होता तर मूत्रपिंडांवर बेतले असते.

आम्ही ९ दिवस तिथेच होतो. इकडे उसाच्या पाण्याची पाळी चुकली नाही, म्हशीची धार चुकली नाही. डिझेलचे पैसे विचारले तर उत्तर मिळाले, "सायेब, आधी जेवून घ्या."

भाऊ आता बांधापर्यंत जातो, गमबूट घालून. बाज तेवढी आमच्याकडे राहिली आहे, रविवारी घेऊन येतो.