पानिपतची गोळी आणि जर-तरचा हिशेब

'आत्याबाईला मिशा असत्या तर' असे म्हणून जर-तरचा विषय उडवून लावण्याची आपली जुनी रीत आहे. घडून गेले त्याचा ऊहापोह कशाला, हा त्यामागील व्यवहारी विचार. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र ही सोय नाही. एखाद्या निर्णयाचे मोल ठरवावयाचे, तर तो घेतलाच नसता तर काय झाले असते, हे त्याला कल्पनेने उभे करावे लागते. रॉबर्ट फोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रेल्वेविरहित अमेरिका कल्पून १८९० सालचा हिशेब मांडला आणि रेल्वेवाचून त्या देशाची प्रगती खुंटलीच असती, या रूढ समजाला धक्का दिला. पुढे १९९३ साली नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला.

मराठीत असाच प्रयोग एका विज्ञानकथेने केला आहे. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले आणि २०२५ साली दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही ती कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर निराळ्याच मुंबईत वावरू लागतात. तेथे ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अद्याप चालू आहे. ग्रंथालयातील इतिहास चाळता उलगडा होतो, की त्या जगात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली नाही. ती कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले.

बहुतेक वाचक येथेच सुखावतो व थांबतो. कथेचे मर्म याच्या पुढे आहे. त्या जगातील पेशव्यांनी युरोपात उगवणाऱ्या यंत्रयुगाचे महत्त्व वेळीच ओळखले आणि विज्ञान व तंत्रविद्येची स्वतःची केंद्रे स्थापन केली. गोळी हुकली हा योगायोग होता. केंद्रे काढली हा निर्णय होता. नुसत्या विजयाने ते राज्य पुढारले असते काय, हा प्रश्न वाचकाने स्वतःस विचारला पाहिजे. इतिहास व वर्तमान यांची सरमिसळ करणारी कोणतीही कादंबरी हाती घेताना हीच कसोटी लावावी. नायकाला वैभव फुकट मिळत असेल, तर ते मनोराज्य होय.

योगायोगापेक्षा निर्णयाचे बळ किती मोठे, हे पाहण्यास कोल्हापूरकरांना दूर जावयास नको. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. राधानगरीच्या धरणाचे काम त्यांनी हाती घेतले. १९२२ साली ते निवर्तले तेव्हा ते अपुरेच होते. हा हुकूम निघालाच नसता, हे धरण योजिलेच नसते, तर? या 'तर'ची कादंबरी अद्याप कोणी लिहिल्याचे ऐकिवात नाही. त्यात तोफा नाहीत, घोडदौड नाही. परंतु आज ज्या घरांत पदवीधर आहेत आणि ज्या शेतांत ऊस उभा आहे, त्यांपैकी कितींचे चित्र तीत निराळे दिसेल, याची कल्पना प्रत्येक वाचकाने आपल्यापुरती करून पाहावी.

पानिपताबद्दल हळहळण्यास काही खर्च येत नाही, म्हणूनच ती हळहळ पिढ्यान्‌पिढ्या टिकते. गोळीवर आपली सत्ता नव्हती. शाळेसाठी, ग्रंथालयासाठी, प्रयोगशाळेसाठी यंदा किती तरतूद करावयाची, यावर मात्र ती आहे. आपल्या नातवंडांचे 'जर-तर' त्याच आकड्यांतून लिहिले जात आहे.