कागदी चेहऱ्याचे मनोगत

घरात कुणी आजारी असले, की मोठी माणसे हलक्या आवाजात बोलू लागतात. औषधांच्या वेळा, तपासण्या आणि रुग्णालयाच्या खेपा यांत दिवस सरतो. चार-पाच वर्षांचे नातवंड दाराशी उभे राहून सारे पाहत असते. मग एखाद्या सायंकाळी साध्या वरणभातावरून ते आकांत मांडते. ‘शहाणा ना तू? असे रडू नये,’ अशी आपण समजूत घालतो. रडण्याचे कारण वरणभात नाही, हे आपल्याला कळत असते. खरे कारण मात्र त्याला सांगता येत नसते.

या वयात भावना उत्कट असतात आणि शब्द अपुरे. आनंद, दुःख, राग ही नावे मूल साधारणपणे आधी शिकते. भीती, मत्सर, लाज यांची ओळख पटायला वेळ लागतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रति, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय असे आठ स्थायी भाव सांगितले आहेत. ते प्रेक्षकांपर्यंत पोचवण्यासाठी नटाला मुद्राभिनयाचा आधार असतो. मुलालाही असा एखादा चेहरा हाती मिळाला तर बोलणे सोपे जाते. तो कागदाचा असला तरी चालतो.

साहित्य : जुनी जाड लग्नपत्रिका, पाठकोरा कागद, रंगीत खडू, खळ आणि बोथट टोकाची कात्री.

कृती : पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर सुमारे १२ सेंटिमीटर रुंदीचा चेहरा काढा. डोळे, नाक काढा. तोंड काढू नका. तोंडाच्या जागी एकमेकींपासून ६ सेंटिमीटर अंतरावर, ३ सेंटिमीटर उंचीच्या दोन उभ्या चिरा पाडा. हे काम मोठ्यांनीच करावे. कागदाचे तुकडे जोडून अडीच सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब पट्टी तयार करा. दोन्ही टोके धरण्यापुरती मोकळी सोडून तिच्यावर सहा-सहा सेंटिमीटरांवर हसरे, उतरलेले, घट्ट मिटलेले आणि वासलेले तोंड काढा. पाचवी जागा कोरी ठेवा. पट्टी मागून एका चिरेतून पुढे घ्या आणि दुसरीतून पुन्हा मागे न्या. पट्टी ओढली, की चेहऱ्यावरचा भाव बदलतो. आपला हात थरथरत असेल तर रेषा नातवंडाला काढू द्या. वाकड्या तोंडाने काही बिघडत नाही.

खेळताना : पहिली पाळी आपली. ‘काल दवाखान्यात जाताना मला भीती वाटली, तेव्हा माझे तोंड असे झाले होते,’ असे सांगून पट्टी सरकवा. मोठ्यांनाही भीती वाटते, हे मुलाला त्यातून कळते. त्याची पाळी आली, की ‘तुला काय होतंय?’ असे थेट न विचारता ‘याला काय झालं असेल?’ असे विचारा. स्वतःविषयी गप्प राहणारे मूल कागदी चेहऱ्याविषयी अनेकदा मोकळेपणाने बोलते.

कदाचित ते म्हणेल, ‘याला वाटतं, आजोबा परत दवाखान्यात जाणार.’ अशा वेळी ‘छे, काहीतरीच!’ म्हणून विषय टाळू नका. ‘जावं लागेल कदाचित. पण तू दंगा केलास म्हणून आजोबा आजारी पडले नाहीत,’ असे शांतपणे सांगा. घरातल्या आजाराचा दोष या वयाची मुले पुष्कळदा मनातल्या मनात स्वतःकडे घेतात; हे एक वाक्य त्यांना आपल्याकडूनच ऐकायचे असते.

भावनेला नाव दिल्याने तिचा जोर कमी होतो, याला संशोधनाचाही आधार आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चित्रातील चेहऱ्यांवरच्या भावनांना शब्द देताना मेंदूतील अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया मंदावलेली दिसली. तो प्रयोग प्रौढांवरचा होता; तरी कुशीत बसून मनातले सांगितल्यावर शांत झालेले मूल आपण सर्वांनी पाहिले आहे.

हा खेळ म्हणजे परीक्षा नव्हे. उत्तरे सुधारू नका, रागाच्या तोंडाला ‘वाईट’ म्हणू नका, पाहुण्यांसमोर करून दाखवायला लावू नका. भीती, झोपमोड किंवा जेवणावरची अनिच्छा दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

पट्टीवरची पाचवी, कोरी जागा मुलाची आहे. तिथे ते काय काढते ते पाहा. नाव काय द्यायचे, ते त्यालाच ठरवू द्या.