टोपी घातलेला अजगर आणि 'शांत' या शब्दाचा घोळ

मागच्या आठवड्यात 'पेट'च्या इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने मला एक फोटो पाठवला. वेटोळं घालून बसलेला बॉल पायथन, डोक्यावर बोटाच्या पेराएवढी लाल लोकरी टोपी, मागे छोटंसं ख्रिसमस ट्री. खाली मेसेज : "ताई, यावर रिसर्च होऊ शकेल का? म्हणजे साप खूश आहे की त्रासलाय, असं काहीतरी?"

मी लिहिलं, "होऊ शकेल. पण तू विचारलेल्या प्रश्नावर नाही."

तिला वाटलं मी टाळतेय. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. विषय गमतीचा आहे, पण रिसर्चचा प्रश्न कसा बांधायचा हे शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. आणि ज्या चुकीबद्दल मी पुढे सांगणार आहे, ती मी स्वतः केलेली आहे.

आधी भांडण समजून घेऊ

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन शरीराचा चेंडू करतो, म्हणून नाव 'बॉल'. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हा साप हौसेने पाळला जातो. हॅलोविन, ख्रिसमस आले की अनेक जण त्याला टोपी, बो-टाय, क्वचित स्वेटरसारखी लोकरी नळीसुद्धा घालतात आणि फोटो काढतात. यावरून साप पाळणाऱ्यांमध्येच चांगली जुंपते.

एक गट म्हणतो, टोपी सैल असते, अर्ध्या मिनिटात काढतो, साप हलतसुद्धा नाही. उलट सापाला घाबरणारा माणूस असा फोटो बघून हसतो, त्याची भीती कमी होते. दुसरा गट म्हणतो, साप म्हणजे बाहुली नाही. त्याला यातून काहीच मिळत नाही, ताण आला तरी तो ओरडून सांगू शकत नाही, आणि असे फोटो बघून नवखी माणसं हौसेपोटी साप विकत घेतात. तिसरे मधले : टोपी चालेल, पण अंगाभोवती काही नको.

तिन्ही गटांत वर्षानुवर्षं साप सांभाळलेली माणसं आहेत. मग एकमत का होत नाही? कारण ते एकाच प्रश्नावर भांडत नाहीयेत. या एका भांडणात निदान चार प्रश्न आहेत :

१. कपड्यामुळे सापाच्या शरीराच्या कामात अडथळा येतो का?
२. त्याला ताण येतो का?
३. फोटो बघणाऱ्यावर काय परिणाम होतो?
४. हे करणं योग्य आहे का?

पहिला शरीरक्रियाशास्त्राचा, दुसरा वर्तनशास्त्राचा, तिसरा सामाजिक सर्वेक्षणाचा आणि चौथा नीतीचा. प्रत्येकाची पद्धत वेगळी, पुरावाही वेगळा. एकाचा पुरावा दुसऱ्याला जोडला की भांडण संपत नाही, आणि सिनॉप्सिसमध्ये तेच केलं की कमिटी तो परत पाठवते.

प्रश्न पहिला : शरीर

हा त्यातल्या त्यात सोपा. "थंडीत स्वेटरने साप उबदार राहतो" हे वाक्य घ्या. आपल्याला स्वेटर उबदार वाटतो, कारण उष्णता आपलं शरीर तयार करतं आणि लोकर ती अडवून धरते. सापाच्या शरीराचं तापमान मात्र मुख्यतः बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. म्हणूनच त्याच्या पेटीत एक बाजू गरम आणि एक गार ठेवतात, साप हवा तसा इकडून तिकडे सरकतो. अशा प्राण्याला लोकर गुंडाळली तर दिव्याची उष्णता आत पोचायलाच उशीर होईल. म्हणजे हा दावा मोजमाप करायच्या आधीच, निव्वळ तत्त्वावर पडतो.

आता श्वासाचं बघा. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, तो फासळ्या हलवून श्वास घेतो. मग अंगाभोवती घट्ट कापड म्हणजे श्वास कोंडणार, असं वाटेल. पण २०२२ मध्ये जॉन कपानो आणि सहकाऱ्यांनी बोआ सापांवरचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सापाच्या अंगाभोवती ब्लडप्रेशर मोजायचा पट्टा आवळला आणि एक्स-रे चित्रीकरणाने फासळ्यांची हालचाल पाहिली. पट्टा पुढे आवळला तर साप मागच्या फासळ्यांनी श्वास घेऊ लागला. मागे आवळला तर पुढच्या. भक्ष्याला विळखा घालून आवळताना बोआचा स्वतःचा श्वास कसा चालू राहतो, याचं उत्तर त्यातून मिळालं.

म्हणजे स्वेटरवाले जिंकले का? नाही. प्रयोगाने दाखवलं ते इतकंच, की शरीराचा काही भाग आवळला गेला तरी बोआ श्वासाची जागा बदलू शकतो. 'निभावून नेता येतं' आणि 'त्रास होत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. भरलेल्या लोकलमध्ये आपणही एका पायावर विरार गाठतो, म्हणून ती बसायची सोय होत नाही. शिवाय प्रयोग बोआवरचा, आपला साप अजगर. पेपर वाचताना कुठल्या प्राण्यावर, कुठल्या परिस्थितीत, काय मोजलं, हे तीन मुद्दे वहीच्या पहिल्या ओळीत लिहायची सवय लावा.

टोपीबाबत अजून एक गोष्ट. बॉल पायथनच्या ओठांच्या कडेला उष्णता ओळखणारे खळगे असतात, आणि तो जीभ बाहेर काढून वास घेतो. 'फक्त डोक्यावर टोपी' म्हणजे त्याची बहुतेक ज्ञानेंद्रियं जिथे आहेत, नेमकी तीच जागा. त्यामुळे टोपी किती खाली येते, हा मुद्दा किरकोळ नाही.

प्रश्न दुसरा : ताण, आणि माझे वाया गेलेले तीन महिने

"साप हलला नाही, म्हणजे तो शांत आहे." या भांडणातलं सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य हेच.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी पालींच्या वर्तनाची निरीक्षणं घेत होते. डेटाशीटमध्ये एक रकाना होता, 'अवस्था', आणि त्यात मी लिहायचे : शांत, सावध, अस्वस्थ. तीन महिन्यांनी मॅडमनी शीट पाहिली आणि एवढंच विचारलं, "शांत म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "हलत नव्हती." "मग सावध?" मी गप्प. सावध पालही हलत नाहीच! मी पालीची नाही, माझ्या मनाची नोंद करत होते. तो अख्खा रकाना टाकून द्यावा लागला. नंतर त्या जागी आल्या साध्या नोंदी : डोकं जमिनीपासून वर आहे की टेकलेलं, शेपटी हलतेय का, एका मिनिटात किती वेळा जागा बदलली.

बॉल पायथनच्या बाबतीत तर ही चूक दुप्पट महागात पडते, कारण न हलणं हाच त्याचा बचाव आहे. वेटोळं घालून निश्चल बसलेला साप आरामात असू शकतो, तसाच घाबरलेलाही. एकट्या स्थिरतेवरून ते ठरत नाही. पापण्या नाहीत, चेहऱ्याचे स्नायू आपल्यासारखे नाहीत. 'हसरा' दिसतो तो फक्त जबड्याच्या आकारामुळे.

यात परदेशी लोकांना हसायचं कारण नाही. नाग पुंगीवर डोलतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानलंच ना? फणा काढलेला नाग समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून बचावाच्या पवित्र्यात असतो. आपल्याला मात्र त्यात संगीताची आवड दिसली. स्लो लॉरिस या छोट्या माकडवर्गीय प्राण्याचंही तसंच झालं. गुदगुल्या केल्यावर हात वर करणाऱ्या लॉरिसचा व्हिडिओ जगभर 'गोड' म्हणून फिरला. हात वर करणं ही त्याची बचावाची हालचाल आहे; कोपराच्या आतल्या बाजूला असलेल्या विषारी स्रावाच्या ग्रंथीपर्यंत तोंड नेण्यासाठीची.

मग प्राण्याच्या मनाबद्दल काही बोलूच नये का? तसंही नाही. गॉर्डन बर्गहार्ट या सरीसृप-अभ्यासकाने १९८० च्या दशकात एक मधला मार्ग सुचवला, चिकित्सक मानवीकरण. 'त्याच्या जागी मी असते तर' या कल्पनेतून गृहीतक सुचू द्या. पण ते तपासताना त्या प्राण्याची इंद्रियं, त्याची जीवनपद्धती, त्याचा इतिहास यांचे निकष लावा. कल्पना प्रश्नापुरती, उत्तरासाठी निरीक्षण.

असा प्रयोग कसा रचतात? १९९३ मध्ये क्रेगर आणि मेंच यांनी बॉल पायथन आणि ब्लू-टंग स्किंक यांच्यावर हाताळणीचा परिणाम तपासला. इथे मला निकालापेक्षा रचना दाखवायची आहे. 'हाताळणी' असा एकच गठ्ठा न करता त्यांनी हळुवार हाताळणं, हाताने जखडून धरणं, डब्यात कोंडणं असे वेगळे प्रकार केले, आणि तुलनेसाठी न हाताळलेले प्राणीही ठेवले. मोजमापही एकाच गोष्टीचं नव्हतं : रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाशी संबंधित संप्रेरक आणि सोबत वर्तन. टोपीचा प्रश्न असाच बांधावा लागेल. टोपीसह हाताळणी, टोपीशिवाय हाताळणी, आणि काहीच नाही. नाहीतर परिणाम टोपीचा की उचलण्याचा, हे कळणारच नाही.

आणि "माझ्या सापाला कधीच त्रास झाला नाही" याचं काय? फोटो काढताना ज्या सापाने डोकं झटकलं, फुत्कारला किंवा निघून गेला, त्याचा फोटो मुळात जमलाच नाही. चाळीस क्लिकमधला जो एक चांगला आला, तोच आपण पाहतो. निवडीतला दोष म्हणजे हाच. पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा हे उदाहरण लक्षात ठेवा.

प्रश्न तिसरा : बघणारे

"फोटोमुळे सापाची भीती कमी होते" आणि "फोटोमुळे लोक साप विकत घेतात" हे दोन्ही दावे माणसांबद्दल आहेत. सापाला कितीही सेन्सर लावलेत तरी त्यांचं उत्तर मिळणार नाही. इथे नमुना चिंपांझींवरच्या कामाचा. २०११ मध्ये रॉस आणि सहकाऱ्यांनी लोकांना चिंपांझीची चित्रं दाखवली. चित्रांत काही ठरावीक गोष्टीच बदललेल्या. शेजारी माणूस उभा असलेलं चित्र पाहणाऱ्यांना जंगलातल्या चिंपांझींची संख्या सुस्थितीत आहे असं वाटण्याची शक्यता जास्त होती. चित्रातला एक तपशील बदलला की बघणाऱ्याची समजूत बदलते, हे त्यातून दिसलं. टोपीवाला आणि बिनटोपीचा, बाकी सगळं तेच, अशा फोटोंवर हा अभ्यास आपल्याकडचा एमएस्सीचा विद्यार्थीही करू शकेल. आणि त्यासाठी एकाही सापाला हात लावायची गरज नाही!

प्रश्न चौथा : योग्य की अयोग्य

समजा पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं 'काही बिघडत नाही' अशी आली. तरी कोणी म्हणू शकतं, ज्यात प्राण्याचा काडीचाही फायदा नाही ते केवळ आपल्या करमणुकीसाठी करू नये. हे वाक्य डेटाने खोटं ठरत नाही, कारण ते मूल्याबद्दल आहे. संशोधकाने इथे मत ठेवावं, पण ते निष्कर्षाच्या वेषात आणू नये. माझं मत विचाराल तर : मी टोपी घालणार नाही. ज्याचा नकार मला नीट वाचता येत नाही, त्याच्या गप्प बसण्याला मी होकार समजू शकत नाही. हे मत आहे. थिसिसमध्ये ते चर्चेच्या प्रकरणात जाईल, निष्कर्षांत नाही.

एक व्यावहारिक सूचना. हे वाचून कोणी घरी प्रयोग करायला जाऊ नका. आपल्याकडे नाग, धामण, अजगर असे स्थानिक साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि सापांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी लागते, नंतर नाही.

शेवटी ज्युनिअरला मी एक गृहपाठ दिला : 'खूश', 'त्रासलेला', 'शांत' हे शब्द न वापरता तुझा प्रश्न पुन्हा लिही. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला : "टोपी घालून हाताळलेला बॉल पायथन, टोपीशिवाय हाताळलेल्याच्या तुलनेत, पेटीत परत ठेवल्यावर पहिल्या तासात किती वेळ लपून राहतो?"

यात अजून सुधारणा लागतील. किती साप, आधीची सवय, नोंद घेणाऱ्याला टोपी कोणाला घातली होती हे माहीत असावं की नसावं... पण आता तो प्रश्न झालाय. तुमच्या सिनॉप्सिसमधलं पहिलं वाक्य घ्या आणि असंच करून बघा. एखादा शब्द काढल्यावर वाक्य कोसळत असेल, तर मॅडम पहिला प्रश्न त्याच शब्दावर विचारणार, हे नक्की.