विश्लेषण : ठासणीची पहिली बंदूक घ्यायचीय? किमतीआधी परवान्याचा हिशेब करा

भुईमूग काढणीला आला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावर उकरून ठेवतो. मका आणि उसाचीही तीच गत. शिराळ्यापासून कडेगावपर्यंत सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना हे नवे नाही. अशा वेळी ‘कमी पैशात एखादी ठासणीची बंदूक मिळेल का?’ हा प्रश्न पुढे येतो. मोबाइलवर शोधले तर परदेशातल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ दिसतात. मात्र तिथला सल्ला इथे लागू केला, तर थेट तुरुंगाची वाट धरावी लागू शकते. ही बंदूक कुणाला मिळते, ती घेताना काय पाहावे आणि खर्च नेमका कुठे होतो, याविषयी...

ठासणीची बंदूक म्हणजे काय?

या बंदुकीत काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू, मग बोळा आणि छर्रे टाकून ते गजाने ठासतात. मागच्या बाजूला छोटी टोपी बसवतात. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, ठिणगी पडते आणि बार उडतो. १८५७च्या उठावात गाजलेली एनफिल्ड रायफलही तोंडाकडूनच भरायची होती. रचना साधी असल्याने ही बंदूक काडतुसाच्या बंदुकीपेक्षा सहसा स्वस्त पडते. मात्र एका बारानंतर ती पुन्हा भरायला वेळ लागतो.

शिकारीसाठी परवाना मिळतो का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम ९नुसार संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. हौसेची शिकार किंवा मांसासाठीची शिकार, दोन्ही गुन्हेच. रानडुक्करही संरक्षित यादीत आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी अनुसूची १मधला असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर कैद ३ ते ७ वर्षांची आहे.

मग ही बंदूक कायदेशीर कशी?

शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम १३मध्ये ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी भारतीय नागरिकाला तिचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर त्याच कामासाठी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मंजूर होऊ शकते. अर्जदाराचे वय किमान २१ हवे. एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. परवान्याची मुदत ५ वर्षांची असते.

परवाना मिळाला म्हणजे रानडुक्कर मारता येते?

सर्वाधिक गल्लत होते ती इथेच. बंदुकीचा परवाना ही बंदूक बाळगण्याची परवानगी आहे, प्राणी मारण्याची नाही. उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या प्राण्याला मारण्यासाठी वन्यजीव कायद्याच्या कलम ११नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी वेगळी लागते. हा कागद हातात नसताना डुक्कर मारले, तर बंदूक परवान्याची असूनही गुन्हा दाखल होतो.

सांगलीकरांनी अर्ज कुठे करायचा?

परवाना देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्यांचे कार्यालय सांगली-मिरज रस्त्यावर विजयनगरला आहे. पडताळणी पोलिसांकडून होते आणि जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय विश्रामबागला आहे. म्हणजे दोन्ही कामे एकाच पट्ट्यात होतात. सातबारा उतारा, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पिकाचे नुकसान झाल्याचे पंचनामे जवळ ठेवावेत.

अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती घ्यावी लागते. राष्ट्रीय उद्यानालाही हीच अट आहे. चांदोली उद्यानालगतची शिराळा तालुक्यातील गावे आणि सागरेश्वर अभयारण्याभोवतालची गावे या कक्षेत येतात. जुन्या परवानाधारकांनाही वन विभागाकडे नाव नोंदवावे लागते.

सर्वांत स्वस्त पर्याय कोणता?

घरातली वडिलोपार्जित बंदूक. परवानाधारकाचे निधन झाले, वयाची ७० वर्षे पूर्ण झाली किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे असली, तर वारसाला त्याच बंदुकीसाठी अर्ज करता येतो. मात्र निधनानंतर ती तशीच माळ्यावर ठेवू नये. नवा परवाना मिळेपर्यंत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. दुरुस्त करूनही चालणार नाही अशी पुराणवस्तू असेल तरच सूट मिळते. भिंतीवर टांगलेली, पण बार उडू शकणारी बंदूक ‘शोभेची’ ठरत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे दुसऱ्या परवानाधारकाकडून जुनी बंदूक घेणे. त्यासाठी विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबणे बंधनकारक आहे.

घेताना काय पाहायचे?

- क्रमांक आणि शिक्के : नळीवर उत्पादकाचे नाव, क्रमांक आणि चाचणीचा शिक्का हवा. खूण खोडलेली असेल तर हात लावू नये.
- नळी : आतून उजेड धरून पाहावी. खोल गंज, चीर किंवा फुगवटा असल्यास बंदूक नाकारावी.
- घोडा : अर्ध्या चापावर घट्ट थांबला पाहिजे. धक्क्याने सुटत असेल तर ती बंदूक धोक्याची.
- टोपीची जागा : झिजलेली असेल तर बार चुकतो, आग मागे येते.
- एकनळी की दुनळी : पहिल्यांदा घेणाऱ्याला एकनळी बरी. वजन कमी, देखभाल सोपी आणि चुकून दोनदा भरण्याचा धोकाही कमी.

खर्च कुठे लपलेला असतो?

बंदुकीच्या किमतीवर हिशेब संपत नाही. परवाना शुल्क, नूतनीकरण, कुलूपबंद कपाट, दारू, टोप्या, छर्रे आणि साफसफाई हे सगळे त्यात धरावे लागते. काळ्या दारूची राख नळीत ओल धरते. वापरानंतर लगेच नळी धुऊन, कोरडी करून तेल लावले नाही, तर ती लवकर गंजते. काडतुसातली बिनधुराची दारू यात कधीही भरू नये. तिच्या दाबाने नळी फुटून हात आणि डोळे जाण्याचा धोका असतो.

गावठी कारागिराकडची बिनपरवाना बंदूक स्वस्त दिसते, पण तीच सर्वांत महाग पडते. ती नुसती बाळगली तरी २ ते ५ वर्षांची शिक्षा आहे. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला किमान ७ वर्षे.

बंदुकीशिवाय काय करता येईल?

पिकाचे नुकसान झाल्यास वन विभागाकडून भरपाई मिळते. त्यासाठी वेळेत तक्रार आणि पंचनामा व्हायला हवा. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदानाची सोय आहे. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो, त्याने प्राणी मागे फिरतो. मेन लाइनचा करंट तारेत सोडणे मात्र गुन्हा आहे आणि त्यात माणसेही मरतात.

बंदूक रात्री एका शेतात एका बाराला उपयोगी पडते, कुंपण रोज रात्री उभे असते. त्यामुळे दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन भरपाई, कुंपण आणि परवानगी या तिन्हींची चौकशी करावी. त्यानंतरही बंदुकीची गरज वाटली, तर विजयनगरचा रस्ता धरावा.