पाहुण्याने जिंकू नये!

व्यावसायिक मुष्टियुद्धात एक जुनी समजूत आहे. परगावी लढायला जाताना आपला निकाल आपल्याच मुठीत घेऊन जावे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आडवे पाडावे आणि दहा अंक मोजून घ्यावेत. बारा फेऱ्या पुऱ्या होऊन निकाल गुणपत्रिकांवर गेला, की तो पाहुण्याच्या हातात राहत नाही.

ही समजूत हरलेल्यांनी रचलेली सबब आहे, असे कोणी म्हणेल. त्याने २ जुलै २०१७ ची ब्रिस्बेनची लढत आठवावी. फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाव विरुद्ध ब्रिस्बेनचाच जेफ हॉर्न, आणि भोवती पन्नास हजारांवर प्रेक्षक. डोक्याला डोके आपटून पॅकियावला जखमा झाल्या. हॉर्न त्याला मानेत पकडून खाली दाबत राहिला. पंचांनी ते बरेचसे चालवून घेतले. नवव्या फेरीत हॉर्नची अवस्था अशी झाली, की लढत थांबवावी लागेल असे पंचांनीच त्याच्या कोपऱ्यात जाऊन बजावले. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशेबात पॅकियावचे १८२ ठोसे बसले, हॉर्नचे ९२. तरी तिन्ही पत्रिका हॉर्नच्या बाजूने, त्यातली एक तर ११७-१११! पुढे जागतिक संघटनेने पाच अनामिक परीक्षकांकडून फेरतपासणी करवून घेतली. त्यांनीही सात फेऱ्या हॉर्नला दिल्या. आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात. तो ब्रिस्बेनलाही हॉर्नच्याच बाजूने बोलला.

ग्लासगोत २६ फेब्रुवारी २०२२ रोजी स्कॉटलंडच्या जॉश टेलरला इंग्लंडच्या जॅक कॅटरॉलने आठव्या फेरीत खाली पाडले. निकाल मात्र दोन विरुद्ध एक असा टेलरच्या बाजूने लागला. टेलरला ११४-१११ गुण देणाऱ्या परीक्षकाची श्रेणी ब्रिटिश नियामक मंडळाने नंतर खाली आणली. परीक्षकाला ताकीद मिळाली, पण चारही किताब टेलरकडेच राहिले. कॅटरॉलने परतफेड केली ती २०२४ च्या मे महिन्यात, लीड्समध्ये. तोवर टेलरकडे ते किताब उरले नव्हते.

हे घडते कसे? फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला बहुधा नऊ. निसटती फेरी आणि एकतर्फी फेरी, दोन्हींची किंमत सारखीच. शिवाय रिंगणाच्या तीन बाजूंना बसलेले तिघे परीक्षक तीन वेगळ्या लढती पाहतात. एखाद्याला फक्त पाठ दिसते आणि ठोसा बसला की हुकला हे तो गर्दीच्या आवाजावरून ठरवतो. घरच्या खेळाडूचा ठोसा हातमोज्यावर आदळला तरी स्टेडियम दणाणते. पाहुण्याचा नेमका जबड्यावर बसला तर शांतता. अशा तीन-चार निसटत्या फेऱ्या एकाच बाजूला झुकल्या, की काम झाले. कोणी लाच घेतलीच पाहिजे असे नाही.

याच झुकलेल्या जमिनीवर रडीचा डाव फोफावतो. मिठी मारणे, कोपर लावणे, डोके पुढे काढणे, कमरेखाली मारणे हे सगळे नियमबाह्य आहे. पण ताकीद कधी द्यायची आणि गुण कधी कापायचा, हे एकट्या पंचाच्या मर्जीवर. पंच कडक असला तर काय होते, ते १९९६ मध्ये दिसले. पोलंडचा आंद्रे गोलोटा रिडिक बोविरुद्ध गुणांवर पुढे असताना कमरेखाली मारत राहिला आणि न्यूयॉर्कमध्ये बाद झाला. पाच महिन्यांनी अटलांटिक सिटीत तेच केले, तेच झाले.

पण पंचाला न दिसणारी लबाडी त्याहून भयंकर. १६ जून १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिली कॉलिन्स या अपराजित तरुणाचा चेहरा लुइस रेस्टोने अक्षरशः ठेचला. लढत संपल्यावर कॉलिन्सच्या वडिलांनी हस्तांदोलन केले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की रेस्टोच्या हातमोज्यातला कापूस गायब आहे. निकाल रद्द झाला, रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक पुढे तुरुंगात गेले. पण दृष्टी अधू झालेला कॉलिन्स पुन्हा कधी लढू शकला नाही. नऊ महिन्यांत मोटार अपघातात तो गेला.

क्रिकेटवाले म्हणतील, उपाय सोपा आहे : तटस्थ पंच आणा. १९८६ मध्ये लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीत आपले पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी उभे राहिले. १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ, हा क्रिकेटमध्ये नियमच झाला. पण मुष्टियुद्धाचे दुखणे एवढ्याने बरे होणारे नाही. १९९३ मध्ये सॅन अँटोनिओत पर्नेल व्हिटेकरने मेक्सिकोच्या हुलिओ सेझर चावेझला बाराही फेऱ्या झुलवले. अमेरिकी परीक्षकाने व्हिटेकरला विजयी ठरवले. बरोबरी दिली ती इंग्लंड आणि स्वित्झर्लंडच्या तटस्थांनी! म्हणून मला वाटते, 'घर' म्हणजे केवळ गाव नव्हे. ज्याच्या नावावर तिकिटे खपतात, ज्याच्या पुढच्या लढतीवर प्रवर्तकाचा पैसा लागलेला असतो आणि ज्याच्या मानधनातून किताब देणारी संघटना आपला टक्का घेते, त्याचे ते घर. तो हरला तर सगळ्यांचेच नुकसान. पाहुणा हरला तर नुकसान त्याचे एकट्याचे.

आपण यातून मोकळे आहोत असे समजू नये. ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीत विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतिआलीला गुणांवर हरवले तेव्हा सारे सभागृह जल्लोषात बुडाले. तो निकाल चुकीचा होता असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्या रात्री गुणपत्रिका पाहाव्यात असे आपल्यापैकी किती जणांना वाटले?

चुकीच्या निकालाने पट्टा जातो, एवढेच असते तर सोसता आले असते. पण न्याय मिळणार नाही हे ठाऊक असलेला पाहुणा गुणांसाठी लढत नाही, समोरच्याला झोपवण्यासाठी लढतो. बचाव सोडून तो पुढे घुसतो आणि टाळता येण्याजोगे ठोसे डोक्यावर घेतो. पक्षपाताची किंमत अशी मेंदूने मोजावी लागते. क्रिकेटमध्ये चुकीचा पायचीत दिला तर फलंदाज चरफडत तंबूत परततो आणि दुसऱ्या डावात पुन्हा खेळतो. मुष्टियोद्ध्याला दुसरा डाव मिळतोच असे नाही.