पोटाने पाणी पिणारा

बेडूक पाणी कसा पितो? तोंडाने नाहीच! ओल्या मातीवर तो पोट टेकवून नुसता बसतो आणि पोटाखालची, मांड्यांमधली पातळ कातडी पाणी शोषून घेते.

त्याहून नवल म्हणजे या कातडीला हुकूम सुटतो. अंग सुकू लागलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं. कातडीच्या पेशींत ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं असतात, फक्त पाण्याला वाट देणारी. एरवी ती पेशीच्या पोटात पडून असतात, रचून ठेवलेल्या तयार खिडक्यांसारखी. संप्रेरक आलं की भराभर पृष्ठभागावर बसतात, आणि पाणी आत! ब्रुन नावाच्या संशोधकाने 1921 मध्येच पाहिलं होतं की पीयूषिकेचा अर्क टोचलेले बेडूक पाण्यात बसल्या बसल्या वजनाने वाढतात. खिडक्यांचा पत्ता लागायला मात्र 1990चं दशक उजाडावं लागलं.

मिठाची गोष्ट तर आणखी अजब. कोपनहेगनचे संशोधक हान्स उसिंग यांनी बेडकाच्या कातडीचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये पडद्यासारखा ताणून बसवला. दोन्हीकडे अगदी एकसारखं खारं पाणी. मग काही हलायचं कारणच काय? तरीही मिठातलं सोडियम बाहेरच्या बाजूकडून आतल्या बाजूकडे जातच राहिलं. बेडूक केव्हाच मेलेला, कातडी मात्र तासन्‌तास कामावर! तिच्या दोन बाजूंमध्ये विजेचा दाबही होता. उसिंग आणि त्यांचे सहकारी झेरान यांनी बाहेरून प्रवाह सोडून तो दाब शून्यावर आणला. त्यासाठी लागलेला प्रवाह पार गेलेल्या सोडियमच्या हिशेबाशी जुळला. 1951ची ही गोष्ट. मीठ मोजायला चक्क विजेचा मीटर! मला तरी यापेक्षा देखणा प्रयोग आठवत नाही.

आता औषधांची करामत बघा. आफ्रिकेत बाणाला लावायच्या विषांतलं ऊआबेन कातडीच्या आतल्या बाजूला लावलं, तर प्रवाह मंदावत थांबतो. बाहेरून लावलं, तर जवळपास काहीच होत नाही. अमिलोराइड या औषधाचं नेमकं उलट. बाहेरून लावताच प्रवाह क्षणात कोसळतो, आतून लावलं तर ढिम्म. म्हणजे सोडियम आत घेणारी दारं बाहेरच्या अंगाला आणि त्याला पुढे ढकलणारा पंप आतल्या अंगाला. कातडी न चिरता तिची रचना कळली की नाही?

हेच अमिलोराइड माणसांनाही देतात, रक्तदाबासाठी. ते आपल्या कातडीवर नाही, मूत्रपिंडाच्या नलिकांत काम करतं. तिथली दारं तशीच आहेत. आपलं व्हॅसोप्रेसिनही बेडकाच्या व्हॅसोटोसिनचं भावंडच, नऊ अमिनो आम्लांपैकी एकाचाच फरक. बेडकाने अंगावर पांघरलेलं यंत्र आपण पोटात नळ्यांच्या रूपात बाळगतो. उन्हात दिवसभर पाणी मिळालं नाही की लघवी गडद पिवळी होते ना? व्हॅसोप्रेसिनने त्या नळ्यांत खिडक्या बसवून पाणी परत ओढलेलं असतं.