अंथरुणाची स्वच्छता आणि चेहऱ्याचे विकार

पितृपक्ष उतरणीला लागला आणि नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटले, की माळेगाव बुद्रुक व भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरील स्त्रिया वाकळा, गोधड्या, चादरी आणि उशांचे अभ्रे यांची गाठोडी बांधून पाण्याकडे निघतात. कारण घटस्थापनेपूर्वी घरातील यच्चयावत अंथरूण-पांघरूण धुऊन निघाले पाहिजे, ही साऱ्या पश्चिम महाराष्ट्राची जुनी वहिवाट आहे. ती आरोग्यास हितावह आहे यात शंका नाही. परंतु चेहऱ्याच्या त्वचेचा प्रश्न येतो तेव्हा वर्षातून एकदा वाकळ धुण्यापेक्षा आठवड्यातून एकदा अभ्रा धुणे अधिक मोलाचे ठरते.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे, की तारुण्यपिटिकांचे, म्हणजे आपल्या नित्याच्या मुरमांचे, मूळ अंथरुणात नसते. वयात येताना शरीरातील अंतःस्रावांच्या प्रभावाने त्वचेतील स्निग्ध ग्रंथी अधिक पाझरू लागतात, रोमकूपाच्या मुखाशी मृत पेशींचे बूच बसते, आणि त्वचेवर मूळचाच वास्तव्य करून असलेला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू आत वाढून दाह उत्पन्न करतो. सबब मुलीच्या गालावर पुटकुळ्या दिसताच वडीलधाऱ्यांनी तिच्यावर अस्वच्छतेचा ठपका ठेवणे हा उघड अन्याय आहे, आणि त्या बोलण्याने भेदरून दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड घासणाऱ्या मुली आपला दाह अधिकच वाढवून घेतात.

मग अंथरुणाचा संबंध येतो कोठे? तो येतो तेलाच्या मार्गाने. आपल्याकडे रात्री केसांना खोबरेल तेल चापून निजण्याची रीत आहे. ते तेल, घाम आणि धूळ अभ्र्यात मुरते व त्याच जागी रात्रभर गाल टेकलेला असतो. केसांना लावावयाच्या स्निग्ध लेपांमुळे कपाळावर व कानशिलांवर मुरमे उठतात, असे प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी 1970 साली नमूद केले. घर्षण व दाब यांनीही मुरमे चिघळतात, ही गोष्ट 1975 साली मिल्स व क्लिगमन यांनी मांडली. म्हणून अभ्रा मऊ सुती असावा, निजताना तेलकट केस बांधून ठेवावेत, आणि जड वाकळ वारंवार धुणे शक्य नसल्यास तोंडाशी येणाऱ्या तिच्या कडेला जुन्या लुगड्याची खोळ घालावी, म्हणजे ती काढून धुता येते. क्षारयुक्त पाण्यात साबण नीट फुटत नाही व कपड्यात त्याचा अंश राहतो. तेव्हा शेवटी ते मुबलक पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळवणे अगत्याचे.

रोसेशियाची हकीकत निराळी. हा बहुधा तिशीनंतर उद्भवणारा विकार असून त्यात नाक व गाल लालसर होऊन त्यांवर बारीक पुळ्या येतात; सावळ्या वर्णात ती लाली चटकन नजरेस येत नाही, त्यामुळे पुष्कळदा निदानच होत नाही. डेमोडेक्स हा सूक्ष्म परजीवी या रुग्णांच्या त्वचेत अधिक संख्येने सापडतो. पण तो माणसाच्या रोमकूपात राहणारा आहे, गादीच्या धुळीतील सूक्ष्म जीव वेगळे, त्यामुळे केवळ गादी उन्हात टाकून त्याचा बंदोबस्त होत नाही. येथे अंथरुणाने करावयाचे काम एवढेच, की उग्र सुगंधाच्या साबणाचा अंश चेहऱ्याला लागू नये आणि जाड पांघरुणाची ऊब तोंडावर कोंडू नये, कारण ऊन व उष्णता या विकाराला चेतवतात. गुऱ्हाळाच्या चुलवणाजवळ काम करणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे मात्र कोणीही चेहऱ्याला लावू नयेत. त्यांनी आरंभी गुण येतो आणि पुढे मुरमे व लाली दोन्ही बळावतात. स्वच्छ अंथरुणावर निजूनही पुळ्या हटत नसतील, तर त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घेणे हाच खरा इलाज होय.

परंतु स्वच्छ अंथरूण सर्वांच्याच आवाक्यात नसते. गळीत हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. परगावाहून आलेल्या ऊसतोड कुटुंबांजवळ अनेकदा एखादीच वाकळ असते, आणि ती धुवावी तर रात्री पांघरावे काय, हा प्रश्न असतो. त्यांच्या वस्तीजवळ पुरेसे पाणी, धुण्याचा एक ओटा आणि पांघरुणांची दुसरी जोडी यांची तजवीज कारखान्यांच्या व्यवस्थापनांनी व गावकऱ्यांनी हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच करावी.